निर्बंध केव्हा उठवावेत? प्लेग, देवी आणि कोविड यांचा हिशेब



१ मार्च २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने एक आदेश काढला व तो ४ मार्चपासून अमलात आला. त्या आदेशाने राज्यातील १४ जिल्ह्यांमधील नाट्यगृहे, उपाहारगृहे, दुकाने यांवरचे संख्येचे बंधन काढून टाकले. उरलेल्या २२ जिल्ह्यांत ती अर्ध्या आसनांवरच चालावयाची होती. चौदांची निवड चार कसोट्यांवर झाली. लशीची पहिली मात्रा घेतलेले शेकडा ९० हून अधिक असावेत; दोन्ही मात्रा घेतलेले ७० हून अधिक असावेत; तपासलेल्या नमुन्यांत बाधित निघण्याचे प्रमाण शेकडा १० हून कमी असावे; आणि रुग्णालयांतील ऑक्सिजनच्या खाटांपैकी भरलेल्या खाटा शेकडा ४० हून कमी असाव्यात. या १४ जिल्ह्यांच्या यादीत आपला रायगड होता.

आता सातच महिने मागे जाऊ. २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने बहुतेक जिल्ह्यांना सवलत मिळाली, तेव्हा ११ जिल्हे मागे ठेवण्यात आले होते : कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सोलापूर, अहमदनगर, बीड, रायगड आणि पालघर. त्या ११ जिल्ह्यांत दुकाने दुपारी चारला बंद होत. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. ऑगस्टात मागे राहिलेल्या अकरांपैकी सात जिल्हे मार्चमध्ये पुढे गेलेल्या चौदांत सापडतात. सात महिन्यांत या जिल्ह्यांतील माणसे काही बदलली नाहीत. बदलला तो मोजण्याचा गज. ऑगस्टात मोजला जात होता रोग. मार्चमध्ये रोगाच्या बरोबरीने लस मोजली गेली.

टाळेबंदी कोणत्या दिवशी उठवावी, हा वरवर पाहता वैद्यकाचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो बराचसा मोजणीचा प्रश्न आहे. काय मोजावयाचे, कोणत्या हद्दीत मोजावयाचे, आणि मोजणीतून कोण निसटते, या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून असते. आपल्या मुलखाने हा प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत तीनदा सोडवून पाहिला आहे.

पहिली वेळ प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला व डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा, पण त्याने सरकारच्या हाती दिलेली सत्ता अफाट होती. रेल्वेच्या फलाटांवर प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रोग्याला रुग्णालयात व घरच्यांना सेग्रिगेशन कँपात हलवणे, सामान जाळणे, हे सर्व त्या कायद्याच्या आधाराने झाले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून जो कहर केला, त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली, ही कथा आपणांस ठाऊकच आहे.

तिच्या सावलीत राहिलेली दुसरी कथा मात्र आपण फारशी सांगत नाही. ज्या महिन्यांत झडत्या चालल्या होत्या, त्याच महिन्यांत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली व त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. तेव्हा सरकारच्या हाती दोन साधने आली : बंदी आणि लस. दोहोंची सांगड कशी घालावी?

सांगड घातली गेली ती दाखल्याने. ज्याने लस टोचून घेतली त्याला दाखला मिळे, आणि तो दाखला दाखवणाऱ्याला सेग्रिगेशनसारख्या काही जाचांतून सूट मिळे. १८९८ साली हुबळीत, जी तेव्हा मुंबई इलाख्यात होती, लोकांनी मोठ्या संख्येने लस घेतली. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावी बहुसंख्य लोक टोचून घेतलेले झाले. भीती रोगाची अधिक की कँपाची अधिक, याचा निवाडा कोण करणार? पण दाखल्याने बरीच माणसे लशीकडे ओढली गेली, हे निर्विवाद आहे.

हा दाखल्याचा मार्ग नीट ध्यानात ठेवावा, कारण तो पुन्हा आपल्यासमोर येणार आहे. यात बंधन उठत नाही. बंधनाच्या भिंतीत एक दरवाजा पडतो, आणि ज्याच्या हाती कागद आहे तो आत जातो.

भिंत पडली ती निराळ्याच कारणाने. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत दंगल उसळली. झडती आणि सक्ती यांपायी लोक रोग लपवू लागले आहेत, प्रेते लपवू लागले आहेत, हे सरकारला कळून चुकले. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशननेही हाफकिनच्या लशीने रोगाचा धोका कमी होतो, पण संपूर्ण संरक्षण मिळत नाही, असाच निष्कर्ष काढला. हळूहळू सक्ती सैल झाली. आणि प्लेग? तो तर वाढतच गेला. १९०७ या एका सालात हिंदुस्थानात प्लेगाने दहा लाखांहून अधिक माणसे मेली. म्हणजे पहिल्या खेपेस निर्बंध उठले ते रोग हटल्यामुळे नव्हे, लस पुरेशी झाली म्हणूनही नव्हे. लोक ते सोसणार नाहीत हे दिसल्यामुळे उठले. गावोगावच्या लोकांनी आपला तोडगा आधीच काढला होता : उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे. तो सरकारी कँपाहून फारसा वेगळा नव्हता, पण त्यात केव्हा निघायचे आणि केव्हा परतायचे हे गाव ठरवीत असे.

दुसरी वेळ देवीची. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे लस होती आणि देवीही होती. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा एक आकडा ठरवण्यात आला : शेकडा ८०. तीन वर्षांत लोकसंख्येच्या शेकडा ८० जणांना लस टोचली की रोगाची साखळी आपोआप तुटेल, अशी त्यामागची कल्पना होती. कागदावर काम झपाट्याने झाले. कोट्यवधी टोचण्यांची नोंद झाली. देवी मात्र हटेना.

असे का झाले, याचा शोध घेताना जे उत्तर सापडले ते या व्याख्यानाच्या विषयाचा गाभाच आहे. टोचणाऱ्याला दिवसाकाठी ठरलेला आकडा भरावयाचा असे. शाळेतली मुले एका रांगेत उभी मिळत. त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई आणि प्रत्येक टोचणीची वहीत नोंद होई. राहून जात ते पाल ठोकून राहणारे, वीटभट्टीवर गेलेले, शहरांच्या कडेच्या झोपड्यांतले, दार न उघडणारे. आकडा ८० वर जाई, पण उरलेले २० विखुरलेले नसत. ते एकत्र, एकमेकांच्या शेजारी राहत. रोगाला तेवढी वस्ती पुरे होई.

१९७३ पासून पद्धत बदलली. शेकडेवारीचा हट्ट सोडला. घरोघर जाऊन रोगी शोधावयाचा, आणि सापडला की त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचावयाचे, असे नवे धोरण आले. रोगी दाखवून देणाऱ्याला बक्षीस लावले गेले. देशातील शेवटचा रोगी २४ मे १९७५ रोजी आसामात आढळला, व एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. ज्या आकड्याने रोग हटला तो ८० नव्हता. तो शून्य रोग्यांचा होता. पुढे जगभर प्रवाशांकडे मागितला जाणारा देवीचा दाखलाही त्यामुळेच बंद होऊ शकला.

ही दोन उदाहरणे मनात ठेवून आता पुन्हा २०२१ च्या पावसाळ्यात आपल्या तालुक्यात येऊ.

४ जून २०२१ च्या आदेशाने राज्यात पाच स्तर ठरले आणि ते ७ जूनपासून लागू झाले. बाधितांचे प्रमाण व भरलेल्या ऑक्सिजन खाटा या दोन आकड्यांवरून दर आठवड्याला जिल्ह्याचा स्तर ठरे. गुरुवारी आकडे पाहावयाचे आणि सोमवारपासून नवा स्तर लावावयाचा. पहिल्या स्तरात जवळजवळ सर्व मोकळे, पाचव्यात जवळजवळ सर्व बंद. तोवर "लोक केव्हा सुटणार" याचे उत्तर मंत्रालयातल्या बैठकीवर असे. आता निदान दुकानदाराला वर्तमानपत्रातला आकडा पाहून अंदाज बांधता येऊ लागला. हा त्या आदेशाचा मोठा गुण मी मानतो. नियम आधी सांगून ठेवणे ही राज्यकर्त्याने प्रजेला दिलेली मोठी सवलत असते.

पण हद्द कोणती? दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरपालिका स्वतंत्र घटक धरल्या गेल्या. बाकी सर्व ठिकाणी संपूर्ण जिल्हा हा एक घटक. पनवेल महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या गणनेने पाच लाखांहून थोडी अधिक, म्हणून ती रायगडातच मोजली गेली. रायगड जिल्हा २६ लाखांवर माणसांचा आणि आपला तळा तालुका त्याच गणनेत सुमारे ४० हजारांचा, म्हणजे शेकडा दीडच्या आसपास. खांदेश्वर, कामोठे, कळंबोली येथल्या इमारतींत तपासणीचा काय निकाल लागला, त्यावर तळ्याच्या बाजारपेठेतला कापडदुकानदार चारला फळ्या लावणार की रात्री, हे ठरत होते. याद्यांत नाव येण्याची तळ्याला तशी जुनी सवय आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांच्या यादीतही आपला तळगड आहे. पण त्या यादीत त्याचे नाव निराळे लिहिलेले होते. २०२१ च्या यादीत तो नुसता 'रायगड'मध्ये विरून गेला.

मग तालुकावार स्तर का नसावेत, असे कोणी म्हणेल. मीही ते पुष्कळदा म्हटले आहे. पण त्याची दुसरी बाजू दडवून ठेवणे बरे नव्हे. चाळीस हजारांच्या तालुक्यात दिवसाला जेमतेम काही नमुने तपासले जातात. एका लग्नातून दहा जण बाधित निघाले तर शेकडेवारी आभाळाला टेकते, आणि पुढच्या आठवड्यात कोणी तपासायलाच गेले नाही तर ती शून्यावर येते. शिवाय रोगाला तालुक्याची वेस दिसत नाही. इंदापूरला महामार्ग लागतो. तेथून एक तासात माणूस माणगावलाही जातो आणि रोह्यालाही. ऑक्सिजनची खाट लागली की तळ्याच्या रुग्णाला माणगाव, अलिबाग, नाही तर मुंबई गाठावी लागते. खाटा ज्या हद्दीत मोजावयाच्या ती हद्द रुग्णालयाच्या पोचेइतकी मोठी असणे भागच होते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की खाटांची हद्द जिल्हा असावी, आणि लशीची हद्द गाव आणि वाडी असावी. दोन्ही एकाच गजाने मोजू नयेत.

लशीची हद्द वाडी का? देवीचा धडा आठवा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. आधी आरोग्यसेवक, मग वृद्ध, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व, १ मेपासून १८ वर्षांवरील. नोंदणी फोनवरून. त्या मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या आसपासच्या कित्येक ग्रामीण केंद्रांवर शहरातील तरुण मोटारी घेऊन आले, कारण त्यांनी घरबसल्या जागा पकडल्या होत्या. गावातला माणूस दारात उभा राहून परत गेला. ती मात्रा ज्या जिल्ह्यात टोचली, त्या जिल्ह्याच्या खात्यावर पडली. उलट आपल्या घरोघरचे चाकरमानी मुंबईत टोचून घेत होते आणि गणपतीला इकडे येत होते. भाजकात कोण आणि भाज्यात कोण, हा घोळ कोकणाइतका क्वचितच कोठे झाला असेल. आणि कातकरी वाड्यांवरची माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. जेथे ती सापडतात तेथे त्यांची नोंद नसते, आणि जेथे नोंद असते तेथे ती सापडत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' मोहिमेने घरोघर जाण्याचे ठरवले ते यासाठीच. जिल्ह्याचा टक्का नव्वदीपार गेला तरी मागे राहिलेले दहा टक्के एखाद्या वाडीत एकवटलेले असू शकतात. १९६० च्या दशकातील देवीच्या वह्यांनी हे आपल्याला आधीच दाखवले होते.

दाखल्याचा मार्गही परत आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना खुल्या झाल्या. निर्णयाचे पुष्कळ कौतुक झाले. पण थोडे बोटांवर मोजून पाहू. १३ मे २०२१ रोजी कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते. १५ ऑगस्टला १४ दिवस पुरे व्हायचे तर दुसरी मात्रा १ ऑगस्टपर्यंत हवी. तिच्या आधी १२ आठवडे, म्हणजे पहिली मात्रा ९ मेपर्यंत घेतलेली हवी. १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली होती १ मेला, तीही अत्यल्प साठ्यावर, आणि १२ मे रोजी राज्याने ती तुटवड्यामुळे थांबवलीही. कोव्हॅक्सिनचे अंतर कमी होते, पण तिचा पुरवठाही तुटपुंजा होता. तात्पर्य, त्या दिवशी गाडीत चढण्याचा हक्क प्रायः ज्यांचे वय ४५ च्या वर होते त्यांना मिळाला. आणि ज्याला गाडीवाचून रोजी नाही तो पंचविशीतला पोरगा, ज्याने लस नाकारलेली नव्हती, ज्याची केवळ पाळी आलेली नव्हती, तो फलाटाबाहेर राहिला. आपल्या तालुक्यातील किती घरांची चूल त्या पोराच्या पगारावर चालते, हे या सभागृहात मी सांगायला हवे असे नाही. प्लेगच्या काळी दाखला न घेणाऱ्याला निदान लस उपलब्ध होती.

म्हणून माणसागणिक दाखल्यापेक्षा सर्वांसाठी एकच टक्का, हा मार्च २०२२ चा मार्ग मला न्याय्य वाटतो. त्यात एकाची सूट दुसऱ्याच्या टोचण्यावर अवलंबून असते, ही त्याची अडचण; पण साथीत तशी ती असतेच. तो मार्ग बाहेरही चोखाळला गेला होता. डेन्मार्कने १२ वर्षांवरील शेकडा ८० लोकांचे लसीकरण झाल्यावर १० सप्टेंबर २०२१ रोजी सर्व निर्बंध काढले. दोनच महिन्यांत रुग्ण वाढले व दाखल्याची पद्धत परत आणावी लागली. पुढे १ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांनी निर्बंध पुन्हा उठवले, तेव्हा ओमायक्रॉनचे रुग्ण पूर्वी कधीही नव्हते इतके होते! मात्र अतिदक्षता विभाग भरलेले नव्हते. लस रोग थांबवते की रोगाने मरणे थांबवते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. डेन्मार्कने सप्टेंबरात पहिल्याचे उत्तर गृहीत धरले, फेब्रुवारीत दुसऱ्याचे. आपल्याकडे मार्चच्या आदेशात टक्क्याच्या शेजारी खाटांची अट ठेवली गेली, त्यात मला शहाणपण दिसते. जानेवारीच्या लाटेत ज्यांना संसर्ग होऊन गेला त्यांची प्रतिकारशक्ती कोठल्याच रकान्यात नव्हती, हेही सांगितले पाहिजे. निर्बंध उठवण्याच्या दिवशी लशीचा वाटा किती आणि ओसरत्या लाटेचा किती, हे त्या आदेशावरून काढता येत नाही.

दाखल्याच्या मार्गाला न्यायालयातही ठेच लागली. लोकलसाठी दोन मात्रांची अट घालणारे २०२१ चे आदेश मुख्य सचिवांनी विहित कार्यपद्धती न पाळता काढले, असा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये घेतला. शासनाने ते मागे घेतले, आणि १ मार्चच्या नव्या आदेशात तीच अट पुन्हा घातली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही; आणि लस न घेतलेल्यापासून संसर्ग अधिक पसरतो असे दाखवणारी माहिती समोर ठेवलेली नसताना त्याच्यावरच बंधने घालणे प्रमाणशीर नाही.

तोवर महाराष्ट्रात बंधने उरलीच नव्हती. ३१ मार्च २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सर्व निर्बंध काढण्याचे ठरवले, १ एप्रिलपासून मुखपट्टीही ऐच्छिक झाली आणि २ एप्रिलला गुढीपाडवा होता. या शेवटच्या निर्णयात ९० किंवा ७० ची अट राहिली नव्हती. मार्चच्या यादीबाहेरचे २२ जिल्हेही त्या दिवशी रायगडाबरोबरच मोकळे झाले. ज्या कायद्यांच्या आधाराने दोन वर्षे हे आदेश निघाले, त्यांत १८९७ चा तो साथरोगांचा कायदाही होता. २०२० मध्ये त्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणाची नवी कलमे घातली गेली. निर्बंध केव्हा आणि कोणत्या कसोटीवर उठवावेत, याविषयीचे कलम त्यात १८९७ सालीही नव्हते आणि २०२० मध्येही आले नाही.